टेलपर्यंत रक्त पोचते का? : रक्तवाहिन्यांच्या आजारांची ओळख आणि काळजी

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. आजचा विषय वेगळा आहे. उसाच्या रोगांवर बोलणे हे आमचे काम, माणसाच्या रोगांवर बोलणे हे डॉक्टरांचे. तरीही हा लेख शेतकी विभागाकडून येतो आहे, त्याला कारण आहे.

ऊसनोंद, पीकपाहणी, तोडीआधीची पक्वता तपासणी यांसाठी आमची माणसे वर्षभर आपल्याबरोबर बांधाबांधाने चालतात. या चालण्यात एक गोष्ट वारंवार दिसते. पन्नाशी-साठीचा सभासद, तब्येतीने धडधाकट, पण दोन बांध ओलांडले की उभा राहतो. "साहेब, जरा दम खाऊ. पोटरी भरून आली." चार-पाच मिनिटे थांबतो, तेवढ्यात चंची काढून तंबाखू मळतो, आणि पुन्हा चालू लागतो. परत तेवढेच अंतर गेले की परत तेच. विचारावे तर उत्तर ठरलेले : "वाताचं हाय. वयोमानानं चालायचंच."

बंधूंनो, चालले की पोटरी दुखणे आणि थांबले की राहणे, हा बहुतेक वेळा वात नसतो. पायाला रक्त नेणारी नळी आतून आखडली आहे, याची ती पहिली सूचना असते. ही सूचना वेळेवर ओळखली तर पाय वाचतो. ओळखली नाही तर काहींच्या बाबतीत बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय काढण्यापर्यंत पाळी येते. आणि थांबल्यावर जी तंबाखू मळली जाते, तीच या आजाराचे मोठे कारण असते.

शरीरातील पाटपाणी

कालव्याचे पाणी आपल्याला ठाऊक आहे. धरणातून मुख्य कालवा, त्यातून वितरिका, मग चारी, पोटचारी, दांड आणि शेवटी सरी. शरीराचेही तसेच आहे. हृदय हा पंप. त्यातून निघणारी महारोहिणी हा मुख्य कालवा. तिला फुटणाऱ्या रोहिण्या, म्हणजे शुद्ध रक्त नेणाऱ्या वाहिन्या, या वितरिका आणि चाऱ्या. शेवटी केसाहूनही कितीतरी बारीक अशा केशवाहिन्या, या जणू सऱ्या. तेथे रक्तातील प्राणवायू आणि अन्न मांसाला मिळते. वापरलेले रक्त ज्या वाहिन्यांतून हृदयाकडे परत येते त्यांना नीला म्हणतात. त्वचेखाली हिरव्या-निळ्या दिसतात त्या याच शिरा.

रक्त असे गोल फिरते हे विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने १६२८ साली ग्रंथ लिहून दाखवून दिले. मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ बसलेले असतानाही मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते, म्हणजे दिवसाला ७,००० लिटरच्या आसपास. कष्टाचे काम करताना याच्या कितीतरी पट ढकलावे लागते.

आता कालव्यावरचा अनुभव आठवा. चारीत गाळ साचला, गवत माजले, तर आधी कोणाचे पीक वाळते? हेडच्या शेतकऱ्याचे नव्हे, टेलच्या शेतकऱ्याचे. शरीराच्या कालव्याचे टेल म्हणजे पावले आणि बोटे. म्हणून रोहिण्यांचा आजार पुष्कळदा पायात पहिल्यांदा जाणवतो. पण गाळ एकाच चारीत साचत नाही. पायाची रोहिणी आखडलेल्या माणसाच्या हृदयाच्या आणि मेंदूच्या रोहिण्याही पुष्कळदा आखडत चाललेल्या असतात. हृदयविकाराचा झटका आणि अर्धांगवायू हे बहुतांशी रक्तवाहिन्यांचेच आजार आहेत. म्हणून पोटरीचे दुखणे हे नुसते पायाचे दुखणे समजू नये.

आत काय होते?

उसात खोडव्याची वाढ खुंटवणारा एक रोग आहे. त्याचे जिवाणू उसाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत राहतात. बाहेरून पाहावे तर पानावर डाग नाही, खोडाला कीड नाही. फक्त वाढ कमी. कांडे गाठीजवळ चिरले तर नळ्यांच्या जागी तांबूस-नारिंगी ठिपके दिसतात, तेव्हा कळते. माणसात कारण जिवाणू नसले तरी चाल तशीच आहे. वरून पाय चांगला दिसतो, बिघाड नळीच्या आत असतो.

निरोगी रोहिणीचे आतील अस्तर गुळगुळीत असते. तंबाखूतील विषारी द्रव्ये, वाढलेला रक्तदाब, रक्तातील जादा साखर आणि जादा चरबी यांनी हे अस्तर खरवडल्यासारखे होते. त्या जागी चरबीचा आणि पुढे चुनखडीसारखा थर वर्षानुवर्षे चढत जातो. नळी अरुंद होते आणि तिची लवचीकता जाते. बसून असताना लागणारे थोडे रक्त त्यातून भागते. चालताना पोटरीच्या मांसाला रक्त जास्त लागते, ते मिळत नाही आणि पोटरी दुखू लागते. थांबले की गरज कमी होते, दुखणे राहते. ठिबकची नळी क्षारांनी चोंदली तर आम्लप्रक्रिया करून धुता येते. रक्तवाहिनी तशी धुता येत नाही. 'नळ्या साफ करून देतो' असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध असावे.

वात की रक्तवाहिनी? फरक कसा ओळखावा

१. रक्तवाहिनीचे दुखणे ठराविक अंतर चालल्यावर येते. मुख्यतः पोटरीत, काहींना मांडीत किंवा कुल्ल्यात. चढावर, ओझे असताना, भरभर चालताना लवकर येते. नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत, साधारण दहा मिनिटांच्या आत, थांबते.

२. गुडघ्याच्या झिजेचे दुखणे सांध्यात असते. उठताना, बसताना, पहिली पावले टाकताना जास्त जाणवते. उभे राहिल्याने लगेच थांबत नाही.

३. कमरेच्या मणक्यात शीर दबल्याचे दुखणेही चालताना येते. पण ते नुसते उभे राहून जात नाही. बसावे किंवा पुढे वाकावे लागते तेव्हा आराम पडतो. कमरेपासून पायात कळ, मुंग्या येतात.

रक्तवाहिनीचे दुखणे वाढत गेले की चालण्याचे अंतर कमी होते. काल शिवारापर्यंत जात होता तो आज वेशीपर्यंतच जातो. पुढची पायरी म्हणजे रात्री अंथरुणात पावले आणि बोटे ठणकणे. असा माणूस पाय खाटेवरून खाली सोडून बसतो तेव्हा बरे वाटते, कारण उताराने थोडे रक्त खाली उतरते. ही अवस्था आली की दिवस मोजू नयेत, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. त्यापुढची पायरी म्हणजे न भरणारी जखम आणि काळे पडणारे बोट.

घरच्या घरी पाहणी

उसाच्या फडात शिरून आपण पाने उलटी करून पाहतो. तसा महिन्यातून एकदा, उजेडात, दोन्ही पाय उघडे करून पाहावेत.

– एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? हाताच्या पालथ्या बाजूने पाहावे.
– पोटरीखालचे केस झडले आहेत का? कातडी पातळ, चकचकीत झाली आहे का? नखे जाड, वेडीवाकडी झाली आहेत का?
– उताणे झोपून दोन्ही पाय वर धरले की एखादे पाऊल पांढरेफटक पडते का? आणि खाली सोडल्यावर काही वेळाने लालजांभळे होते का?
– नाडी लागते का? हाताची नाडी सर्वांना माहीत आहे. पायालाही नाड्या आहेत. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या रेषेत, पावलाच्या मध्याजवळ. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे. बोटांची टोके हलकेच ठेवावीत, दाबू नये. काही निरोगी माणसांतही वरची नाडी हाताला लागत नाही. म्हणून ती सापडली नाही तर घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवावे.

दवाखान्यात एक सोपी, न दुखणारी तपासणी असते. घोट्याचा रक्तदाब आणि दंडाचा रक्तदाब मोजून पहिल्याला दुसऱ्याने भागतात. उत्तर १ च्या आसपास किंवा थोडे वर असावे. ०.९ किंवा त्याखाली आले तर पायाच्या रोहिणीत अडथळा आहे असे समजतात. जुन्या मधुमेहात नळ्या कडक झाल्याने हा आकडा फसवा निघू शकतो, तेव्हा दुसऱ्या तपासण्या करतात. अडथळा नेमका कोठे आहे ते डॉप्लर सोनोग्राफीने कळते.

विडीवाल्यांचा आजार

वर सांगितलेला आजार बहुधा पन्नाशीनंतरचा. पण एक आजार तरण्या माणसांना गाठतो. वय पंचविशी ते पंचेचाळिशी, बहुधा पुरुष, आणि विडी-सिगारेट किंवा तंबाखूचे व्यसन, असा हा रोगी असतो. न्यूयॉर्कमधील डॉ. लिओ बर्गर यांनी १९०८ साली या आजाराचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आपल्या देशात विडी ओढणाऱ्या कष्टकऱ्यांत तो आजही आढळतो.

यात हातापायांच्या बारीक आणि मध्यम रोहिण्यांना सूज येऊन त्यांत रक्ताच्या गुठळ्या बसतात. पावलाच्या तळव्यात चालताना कळ येते. बोटे थंडीत पांढरी, निळी पडतात. काहींना त्वचेखालच्या शिरा दोरीसारख्या कडक होऊन दुखतात, एक बरी झाली की दुसरीकडे. मग बोटाच्या टोकाला चट्टा पडतो, तो काही केल्या भरत नाही.

या आजाराला एकच खरा उपाय आहे : तंबाखू पूर्ण बंद. दिवसाच्या वीस विड्यांवरून दोनवर येणे म्हणजे बंद नव्हे. विडी सोडून तंबाखू चघळणे, मशेरी लावणे हेही बंद नव्हे, कारण तेच द्रव्य तोंडातून रक्तात जाते. ज्यांनी पूर्ण सोडले त्यांचे पाय बहुधा वाचतात. ज्यांनी सोडले नाही त्यांच्या बाबतीत एकामागून एक बोटे काढावी लागतात, आणि शस्त्रक्रियेचाही उपयोग टिकत नाही.

२०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत पंधरा वर्षांवरील दर शंभर लोकांत सुमारे २९ जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरतात असे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात सुमारे २७ होते. आपल्याकडे विडीपेक्षा चुना-तंबाखू आणि बायामाणसांत मशेरी जास्त. 'मी काही ओढत नाही, नुसती मळतो' हे समाधान खोटे आहे.

साखर, गूळ आणि पाय

हे साखर कारखान्याचे पत्रक आहे, तरी खरे ते सांगितले पाहिजे. मधुमेह झालेल्या माणसाला साखर जशी जपून, तसाच गूळ, काकवी आणि उसाचा रसही. "साखर बंद केली, चहा गुळाचा घेतो" असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. गुळाने रक्तातील साखर वाढतेच. या बाबतीत दोघांत फारसा फरक नाही.

मधुमेह पायाला दोन्हीकडून मारतो. एकीकडे रोहिण्या आखडतात, दुसरीकडे पायाच्या संवेदना जातात. त्यामुळे चालताना पोटरी दुखण्याची जी सूचना मिळायला हवी तीच मिळत नाही. काटा रुतला, चप्पल चावली, तरी कळत नाही. आपल्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाचे उदाहरण देतो, नाव देत नाही. तोडणीनंतर बुडखे छाटताना बुडख्याचे टोक अंगठ्याजवळ लागले. दुखले नाही, म्हणून हळद-तेल भरून वर चिंधी बांधली. आठ-दहा दिवसांनी वास येऊ लागला तेव्हा घरच्यांनी पाहिले. अंगठा काळा पडला होता. आधी अंगठा, आणि महिन्याभरात गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. ज्या माणसाचे आडसाली प्लॉट आम्ही इतरांना दाखवायला नेत होतो, त्याने आता जमीन वाट्याने लावली आहे. न दुखणारी जखम सर्वांत धोक्याची, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

मधुमेहींनी पुढील नियम पाळावेत.

१. रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करून पाहावेत. तळवा दिसत नसेल तर आरसा धरावा, किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे.
२. अनवाणी चालू नये, घरातही आणि रानातही. दारे धरताना गमबूट घालावेत, आणि घालण्यापूर्वी ते उपडे करून झटकावेत.
३. टाचेच्या भेगांना तेल किंवा मलम लावावे, पण बेचक्यांत लावू नये. चिखल्या झाल्या तर वेळीच औषध घ्यावे.
४. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर जळजळीत औषध लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल काढू नयेत.
५. बारीकशी जखमसुद्धा डॉक्टरांना दाखवावी. 'तोडीची पाळी आली आहे, ऊस गेला की बघू' असे करू नये.
६. साखर, रक्तदाब आणि पाय यांची नियमित तपासणी करावी. उपाशीपोटीची साखर दोनदा १२६ किंवा त्याहून जास्त आली तर मधुमेह समजतात.

शिरा फुगणे : फुटव्हॉल्व्ह बिघडला तर

आता नीलांकडे वळू. पावलातून हृदयापर्यंत रक्त चढवायचे म्हणजे विहिरीतून पाणी उपसण्यासारखे आहे. पंप थांबला तरी पाइपातले पाणी खाली पडू नये म्हणून आपण फुटव्हॉल्व्ह बसवतो. पायाच्या नीलांतही निसर्गाने अशा झडपा बसवल्या आहेत. पोटरीचे मांस आवळले की रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात.

या झडपा सैल पडल्या की रक्त खाली तुंबते आणि शिरा गांडुळासारख्या वेड्यावाकड्या फुगतात. तासन्तास उभे राहून काम करणारे, वजनदार शरीराचे, बाळंतपणे झालेल्या स्त्रिया, आणि घराण्यात हा आजार असलेले, यांना तो जास्त होतो. संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, खाज सुटते. पुढे आतल्या घोट्याच्या वर कातडी काळपट-तपकिरी होते आणि तेथे ओली जखम होते.

येथे एक फरक नीट समजून घ्यावा. नीलांची जखम घोट्याच्या वर, ओली, पाऊल कोमट, पाय वर ठेवला की आराम. रोहिणीची जखम बोटांवर किंवा टाचेवर, कोरडी, काळसर, पाऊल गार, पाय वर ठेवला की ठणका वाढतो. शिरा फुगलेल्याने पाय उशीवर ठेवून झोपावे आणि डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे घालावेत. पण रोहिणी आखडलेल्या पायाला तेच घट्ट मोजे घातले तर उरलेसुरले रक्तही तुटते. म्हणून शेजाऱ्याचे पाहून मोजे किंवा पट्टी आणू नये. आधी नाडी तपासून घ्यावी.

फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर माणसाला लगेच आडवे करावे, पाय उंच धरावा आणि स्वच्छ फडक्याने जागा दाबून धरावी. बहुधा रक्त थांबते. नंतर दवाखान्यात न्यावे. वरून दोरी आवळू नये.

ताबडतोब गाडी काढावी असे प्रसंग

पुढील खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, नाहीतर मिळेल त्या गाडीने निघावे.

– हात किंवा पाय एकाएकी खूप दुखू लागणे, पांढरा आणि गार पडणे, मुंग्या येऊन बधिर होणे, बोटे न हलणे. नळीत गुठळी अडकलेली असते. साधारण सहा तासांत मांस कायमचे मरू लागते.
– तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. हा अर्धांगवायू. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही डोक्याचे सीटीस्कॅन केल्यानंतर. म्हणून तशी सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे, आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते घड्याळ पाहून ध्यानात ठेवावे.
– छातीत दाब, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम.
– एकच पोटरी किंवा पाय सुजून दुखणे, विशेषतः शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण किंवा लांबच्या प्रवासानंतर. खोल नीलेत गुठळी असू शकते. असा पाय चोळू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते आणि जीव धोक्यात येतो.
– मधुमेहीच्या पायाची जखम, सूज, लाली, दुर्गंधी आणि सोबत ताप.

उपाय काय?

पहिला उपाय तंबाखू सोडणे, हा वर सांगितलाच. एकट्याने जमत नसेल तर केंद्र सरकारचा १८००-११-२३५६ हा विनाशुल्क दूरध्वनी आहे, तेथे सल्ला मिळतो. सवय सुटेपर्यंत डॉक्टर औषधेही देतात.

दुसरा उपाय ऐकून आश्चर्य वाटेल : चालणे. आखडलेल्या रोहिणीच्या पोटरीदुखीवर चालणे हेच औषध आहे. दुखू लागेपर्यंत चालावे, बऱ्यापैकी दुखले की थांबावे, दुखणे राहिले की पुन्हा चालावे. असे अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, कमीत कमी तीन महिने करावे. पोटरीचे मांस कमी रक्तात काम भागवायला शिकते, आणि चालण्याचे अंतर पुष्कळांचे चांगले वाढते. मात्र पायाला जखम असेल, रात्री ठणका असेल किंवा छातीत दुखत असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. 'रानात दिवसभर हिंडतोच की' हे या व्यायामात धरत नाहीत. ठरवून, सलग, दुखेपर्यंत चालणे वेगळे.

तिसरा उपाय औषधे. रक्त गोठू न देणारी, चरबी कमी करणारी, रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणारी. यातली बरीच औषधे कायम घ्यायची असतात. 'बरं वाटलं म्हणून सोडलं' हे येथे चालत नाही. दुकानातून मनाने औषध आणू नये, एकाला चालते ते दुसऱ्याच्या हृदयाला घातक ठरू शकते.

चौथा उपाय शस्त्रक्रिया. तारेवरून फुगा नेऊन आखडलेली जागा रुंद करतात, किंवा रुग्णाच्याच पायातील नीला काढून ती अडथळ्याच्या बाजूने जोडतात. चारी फुटली की आपण बगल देऊन पाणी नेतो तसेच हे. अशी कामे रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद करतात. पाय कापण्याचा सल्ला मिळाला आणि तातडीचा संसर्ग नसेल, तर कापण्यापूर्वी अशा तज्ज्ञाचे मत जरूर विचारावे. खर्चाची चिंता असणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात जाऊन तेथील आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड दाखवून चौकशी करावी.

हे करू नये

बधिर किंवा गार पायाला विटेचा, गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नये. चटका बसलेला कळत नाही आणि भाजलेले भरत नाही. डाग देऊ नये. जोराने मालिश करू नये. काळ्या पडलेल्या बोटाला झाडपाल्याचा लेप लावून दिवस घालवू नयेत. पाय सुजला म्हणून दोरा, गंडा घट्ट बांधू नये.

शेवटी विनंती

तोडणी मजुरांच्या टोळ्या आपल्याच फडात महिनोन्महिने राबतात. मोळ्या वाहणारी बाई, थंडीत पहाटे कोयता धरणारा गडी, यांच्यातही हे आजार असतात आणि त्यांना दाखवायला सवड नसते. फडात कोणी पायाची जखम झाकून काम करताना दिसला तर मुकादमाला सांगून त्याला दवाखान्यात पाठवावे.

सभासदांना एवढेच सांगणे आहे. लागणीपूर्वी आपण मातीचा नमुना तपासायला देतो, बेणे पारखून घेतो. तसे ज्यांचे वय पन्नाशीपुढे आहे, किंवा जे तंबाखू वापरतात, किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी या हंगामाची तोड सुरू होण्यापूर्वी एकदा आपले पाय डॉक्टरांपुढे ठेवावेत. डॉक्टर घाईत असले तर स्वतःहून म्हणावे, "माझ्या पायाची नाडी बघा." या कामाला फार वेळ लागत नाही.

हा लेख वाचून ठेवून देऊ नये. घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा. आणि पुढच्या पाहणीला आमचा माणूस आपल्या बांधावर आला, आणि आपली पोटरी भरून आली, तर त्याला जरूर थांबवावे. फक्त त्या वेळी चंची काढू नये.

कळावे.